गावातून चौपदरी रस्ता गेल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी काय करता येईल? स्पीड ब्रेकर मागावा का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातून सिमेंटचा चौपदरी रस्ता गेला, शाळेतली लेकरं आणि बाजाराला येणाऱ्या बाया जीव मुठीत धरून पलीकडे जातात, म्हणून स्पीड ब्रेकरसाठी अर्ज द्यायचाय. इथवर ठीक. पण शेवटी एक वाक्य टाकलंय, 'आपल्या लोकांनाही शिस्त नाही, रस्त्याच्या मधून चालतात.' त्या वाक्यापायी मी हे लिहायला बसलो.

मी एसटीत चालक होतो. आर्णी, दिग्रस, पांढरकवडा, सगळा यवतमाळचा पट्टा. लोक मधून का चालतात हे बसच्या काचेतून लख्ख दिसतं. आपली जमीन काळी. साईडपट्टीला मुरूम टाकतात, पण दबाई नीट करत नाहीत. पहिल्या दोन-चार पावसांत तो मातीत जिरतो आणि सिमेंटची कड वीतभर उघडी पडते. खाली असा चिखल की पाय वर येतो आणि चप्पल आत राहते. पावसाळा सरला की त्याच कडेला सोयाबीन वाळत पडतं, मग जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई मग चालेल कुठून? सिमेंटवरूनच. याला बेशिस्त म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आमच्या गावात रस्ता रुंद झाला तेव्हा थांब्यावरचं कडुनिंबाचं झाड गेलं आणि मधे दुभाजक आला. दुभाजकाला जागा सोडली ती पेट्रोलपंपासमोर, थांब्यापासून बरीच दूर. शाळा पलीकडे. मानव विकास योजनेतल्या, शाळकरी पोरींसाठीच्या निळ्या बसमधून खेड्यातल्या पोरी उतरायच्या आणि सरळ दुभाजकावर चढायच्या. कोणीतरी दोन्ही बाजूंनी दगड रचून पायऱ्याच करून ठेवल्या होत्या. दप्तर आधी पलीकडे फेकायचं, ओढणी कमरेला खोचायची आणि उडी.

त्यापेक्षा वाईट म्हणजे उभ्या बसच्या तोंडापुढून निघणं. मागून येणाऱ्याला पोरगी दिसत नाही, पोरीला तो दिसत नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे दीड बस. ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच तेवढी गेली. म्हणून मी बस थोडी तिरपी लावायचो, दोन्ही लेन अडतील अशी, आणि शेवटची पोरगी दुभाजकावर चढेपर्यंत क्लच सोडत नसे. मागे ट्रकचे हॉर्न, आत प्रवाशांच्या शिव्या. खिडकीतून हात बाहेर काढून बोलेरोवाल्यांना थांबवलंय. कोणीतरी तक्रार केली आणि मला मेमो मिळाला, गाडी आडवी लावून वाहतूक अडवली म्हणून. तो मेमो मी जपून ठेवलाय.

माझा एक चुलतभाऊ ठेकेदारीत आहे. दुभाजकाचं काम त्याच्याकडेच होतं. एका लग्नाच्या पंगतीत चार लोकांसमोर मला म्हणाला, "भाऊ, तुमीच पोरीयची सवय खराब करून रायले. मानसानं पाहून चालाव ना. अन् फुटपाथ देला ना आमी?"

तो फुटपाथ म्हणजे नालीवरची झाकणं. गुडघ्याएवढी उंच, दर दोन झाकणांआड लोखंडी कडी वर आलेली, मधेच एक झाकण गायब. माझी आई त्यावर कधी चढू शकली नाही. रस्त्यांचे निकष ठरवणारी भारतीय रस्ते काँग्रेस म्हणून संस्था आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची फार तर १५ सेंटीमीटर सांगितलीय. आणि २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. एवढ्या सगळ्यांनी पाहून चालायचं सोडलं होतं का? पंगतीत हे आकडे माझ्याजवळ नव्हते, म्हणून इथे लिहितो. तो हे वाचेलच.

आता तुमचा प्रश्न. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर स्पीड ब्रेकर मागू नका, मिळणार नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१६ मध्येच राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितलंय. फार तर रंबल पट्ट्या देतात, म्हणजे गाडी खडखडवणाऱ्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या. त्याऐवजी थांब्याजवळ दुभाजकाला ओलांडायची जागा मागा, माणूस मधे उभा राहू शकेल एवढी, आणि तिथे दिवा. थांबा ओलांडायच्या जागेच्या पुढे सरकवून मागा, म्हणजे माणसं बसच्या मागून ओलांडतील आणि येणाऱ्याला दिसतील. साईडपट्टी दाबून द्या, हेही लिहा. अर्ज बांधकाम विभागालाच देऊन थांबू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडे द्या, ग्रामसभेचा किंवा नगरपंचायतीचा ठराव जोडून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलंय. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत म्हणून कोणी मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदारालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात हे कलम नावानिशी लिहा, मग फाईल हलते.

वर्गणी काढून रातोरात गिट्टी-सिमेंटचा उंचवटा मात्र बांधू नका. आमच्याकडे बांधला. अंधारात न दिसल्याने मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. तो उंचवटा त्याच चुलतभावाच्या घरासमोर आहे. त्याची नात आता शाळेत जाते, तेव्हा पाहून चालायचा उपदेश त्याला स्वतःलाच पुरला नाही.

शाळेकडे जाणारा आतला रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गतिरोधक हवाच, पण मापाचा: ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे फलक. राज्य मार्ग असेल तर आधी बांधकाम उपविभागात जाऊन रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी घ्या, नाहीतर वर्षभर तुमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.