सम्राट देव, मग लष्कर ऐकत का नव्हतं?

प्रश्न: जपानी लष्कर सम्राटाला देव मानायचं ना, मग १९३१ला न विचारता चीनच्या मांचुरियात कसं काय घुसलं?

उत्तर: गोम १८८९च्या राज्यघटनेतच आहे बघा, सैन्य थेट सम्राटाच्या हाताखाली, म्हणजे पंतप्रधानाला कोण विचारतो, आणि सम्राट सहसा स्वतः हुकूम सोडत नसे, मग त्याच्या नावावर अधिकाऱ्यांचंच राज्य! मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ क्वांतुंग आर्मीच्या, म्हणजे तिथल्या जपानी फौजेच्या, लोकांनी स्वतःच रुळाशी स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि तेच निमित्त करून घुसले. टोकियोतलं सरकार बघतच राहिलं. हां, फेब्रुवारी १९३६च्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या बंडात मात्र सम्राट हिरोहितो जाम भडकला आणि बंड मोडलं, पण गंमत म्हणजे त्यानंतर लष्कराचंच वजन वाढलं, कारण लष्करमंत्री सेवेतलाच जनरल हवा हा जुना नियम परत आला. १९४०ला लष्करमंत्र्याने राजीनामा दिला, लष्कराने दुसरा माणूसच दिला नाही, लष्करमंत्र्याशिवाय मंत्रिमंडळ टिकेना, आणि पंतप्रधान योनाईचं सरकार गडगडलं.