'एफडीए क्लिअर्ड' म्हणजे 'मान्यताप्राप्त' नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी ज्येष्ठांसाठी एक ताई रुग्णांचं माहितीपत्रक मराठीत आणत आहेत. विषय आहे कंबरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यात बसवायच्या टायटेनियमच्या इम्प्लांटचा. मूळ मजकुरात इम्प्लांटपुढे 'एफडीए क्लिअर्ड' लिहिलं आहे आणि पुढे एका वेदनाशामक गोळीबद्दल 'एफडीए अप्रूव्हड'. ताई विचारतात, "दोन्हीकडे 'एफडीए मान्यताप्राप्त' लिहिलं तर चालेल ना? आणि सॅक्रोइलियाक सांध्याला 'माकडहाडाचा सांधा' म्हटलं तर आजी-आजोबांना पटकन कळेल का?"

दोन्हीकडे एकच शब्द नको. गोळीला 'मान्यताप्राप्त' किंवा 'मंजुरी मिळालेली' खुशाल लिहा. इम्प्लांटला मात्र 'विकायची मुभा मिळालेलं' असं लिहा.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच एफडीए, अशा इम्प्लांटबद्दल कंपनीला जे पत्र पाठवतं, ते त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. पत्राचा गाभा एवढाच असतो: तुमची विक्रीपूर्व सूचना आम्ही तपासली, हे साधन कायद्यानं आधीपासून बाजारात असलेल्या साधनाशी सारतः समतुल्य असल्याचं आम्हाला आढळलं, तेव्हा तुम्ही ते विकू शकता. 'तेव्हा तुम्ही ते विकू शकता' या वाक्यात साधन चांगलं आहे, गुणकारी आहे, आम्ही त्याच्या पाठीशी आहोत, यातलं काहीही नाही.

पत्रात 'सूचना' आहे, 'अर्ज' नाही, हेही बघा. अमेरिकेच्या अन्न-औषध कायद्याच्या कलम ५१०च्या 'के' पोटकलमावरून या वाटेला 'फाइव्ह-टेन-के' म्हणतात, आणि त्या पोटकलमाप्रमाणे कंपनीनं विक्रीच्या किमान ९० दिवस आधी सरकारला सूचना द्यायची असते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वर्दी. कंपनी वर्दी देते, की अमुक साधन बाजारात आणतोय, ते तमुक जुन्या साधनासारखंच आहे. प्रशासन ते सारखेपण तपासतं आणि पटलं तर वाट मोकळी करतं. क्लिअरन्स म्हणजे ही मोकळी केलेली वाट.

जुन्या साधनाला इंग्रजीत 'प्रेडिकेट' म्हणतात. मराठीत मी त्याला 'दाखला' म्हणेन. 'दाखला' शब्दात प्रमाणपत्रही आहे आणि पूर्वीचं उदाहरणही, 'दाखला देऊन बोल' म्हणतो तेव्हाचं. इथे तो दुसरा अर्थ हवा आहे. नव्याला जुन्याचा दाखला, जुन्याला त्याच्याही आधीच्याचा, असं मागे मागे जात शेवटी २८ मे १९७६ या तारखेपर्यंत पोचता येतं. त्या दिवशी अमेरिकेत वैद्यकीय साधनांची कायदादुरुस्ती झाली, आणि त्याआधी जे विकलं जात होतं ते बाजारात राहिलं. सात-बाऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच उमगेल. फेरफार नोंदीनं उताऱ्यावर नाव चढतं, पण तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. नोंद खरी असते, कामाची असते. ती कशाची आहे एवढंच नीट वाचावं लागतं.

'अप्रूव्हल'ची वाट वेगळी आहे. जास्त जोखमीच्या, तिसऱ्या वर्गातल्या साधनांसाठी कंपनीला ते सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरावा स्वतः उभा करावा लागतो. दोन वाटांमधलं अंतर किती, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली मेडट्रॉनिक विरुद्ध लोहर या खटल्यात आकड्यांत मांडलं होतं: अप्रूव्हलच्या तपासणीला १,२०० तास, तर ५१०(के)च्या तपासणीला सरासरी २० तास. आकडे त्या काळचे आहेत. पण ५१०(के)चा रोख समतुल्यतेवर आहे, सुरक्षिततेवर नाही, हे त्याच निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

ताई, तुमच्या पत्रकासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, भाग ८०७च्या ९७व्या कलमात सांगितलं आहे की ५१०(के) पूर्ण केलं म्हणून साधनाला अधिकृत मान्यता आहे असा आभास निर्माण करणं दिशाभूल करणारं आहे, आणि तसं केल्यास साधनाचं लेबलिंगच गैर ठरतं. म्हणजे कंपनीला इंग्रजीत जे लिहायला बंदी आहे, तेच आपण 'मान्यताप्राप्त' या एका शब्दानं मराठीत लिहून बसतो. भाषांतरकारानं मूळ मजकुरापेक्षा जास्त ग्वाही देणं मला फार गंभीर वाटतं. वाचणारी आजी त्या शब्दावर विसंबून सही करणार असते.

मग शब्द कोणता घ्यायचा? 'मंजूर' हा अरबीतून आला, 'नजर' शब्दाच्याच घरातला. ज्यावर नजर फिरली, जे पाहून पसंत केलं, ते मंजूर. 'अप्रूव्ह'च्या मुळाशीही लॅटिनमधला 'चांगलं' असल्याचा अर्थ आहे, त्यामुळे त्याला 'मंजुरी' शोभते. 'मान्यता'त तर मान आहे. शाळेला मान्यता मिळाली म्हणजे सरकारनं तिला आपली म्हटलं. 'परवाना' हातात धरायचा कागद आहे, आणि तो भारतातल्या व्यवस्थेसाठी राखून ठेवायला हवा, त्याकडे पुढे येतो. 'निर्वाळा' तर अजिबात नको, कारण निर्वाळा देणारा स्वतःचा शब्द पणाला लावतो.

'ना-हरकत' पुष्कळ जवळ येतो. सरकारला हरकत नाही, हाच तर मामला आहे. पण 'ना-हरकत प्रमाणपत्र' म्हटलं की सोसायटीचा आणि महापालिकेचा कागद डोळ्यासमोर येतो, आणि वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. बोलीत 'क्लिअर'ला फार सुंदर शब्द आहेत: धनादेश वटतो, कस्टममधून माल सोडवतात, जमीन निर्वेध असते. 'साधन सोडवलं' असं मात्र म्हणता येत नाही.

उरतो 'मुभा'. हा अरबी 'मुबाह'वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात जे करावंच असं सांगितलेलं नाही आणि करू नये असंही सांगितलेलं नाही, ते मुबाह. शिफारसही नाही, मनाईही नाही. क्लिअरन्सचा अर्थ इतक्या नेमकेपणानं पकडणारा शब्द मराठीत रोजच्या वापरात आहे, याचा मला हे लिहितानाही आनंद होतो आहे. 'आईनं उशिरा यायची मुभा दिली' यात आईला ते आवडलंच आहे असं नसतं, हे पोरालाही कळतं.

आता हा भेद या सांध्याच्या बाबतीत कसा दिसतो ते बघू. कॅलिफोर्नियातल्या एसआय-बोन कंपनीच्या 'आयफ्यूज' नावाच्या इम्प्लांटला ५१०(के)ची पहिली मुभा नोव्हेंबर २००८ मध्ये मिळाली. ही टायटेनियमची छोटी, तिधारी कांडी असते. तीन कोनांमुळे ती हाडात गोल फिरत नाही, आणि पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो, म्हणजे हाड त्याला धरून वाढावं. बहुतेकदा एका सांध्यात तीन कांड्या बसवतात. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला की कंबरेच्या हाडातून आत गेलेल्या, एकीखाली एक अशा तीन पांढऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात. नियमावलीत या साधनांचा वर्ग कोणता? 'हाडं जखडण्याची धातूची साधनं, गुळगुळीत किंवा आटे असलेली'. म्हणजे हाडातल्या स्क्रूच्याच कुळातली, मध्यम जोखमीच्या दुसऱ्या वर्गातली. दाखला होता तो त्या कुळाचा. शस्त्रक्रिया आणि विनाशस्त्रक्रिया उपचार यांची तुलना करणारी, १४८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे मुभेनंतर सुमारे सात वर्षांनी. त्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटाला जास्त आराम पडला. तेव्हा 'मुभा'च आहे म्हणून साधन कुचकामी आहे, असं कुणी वाचू नये. पुरावा असू शकतो, चांगलाही असू शकतो. तो त्या पत्रात नसतो, वेगळा मागावा लागतो, आणि रुग्णानं तो डॉक्टरांकडे जरूर मागावा.

याच सांध्यात धातूऐवजी दात्याच्या हाडाची घडवलेली पाचरही ठोकतात. तिला बहुधा ५१०(के) लागतच नाही, कारण ती मानवी ऊतींच्या नियमांखाली येते. तिथे 'क्लिअर्ड'ही लिहिता येत नाही. माहितीपत्रकात कुठे 'एफडीएकडे नोंदणीकृत' दिसलं तर ते 'नोंदणीकृत' असंच ठेवा. नोंदणी म्हणजे फक्त नाव-पत्ता वहीत आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. महाराष्ट्रात 'एफडीए' म्हटलं की आठवतं ते आपलं, वांद्र्याचं अन्न व औषध प्रशासन, दिवाळीत भेसळीचा खवा पकडणारं. न्यू जर्सीतले आजोबाही आयुष्यभर इथलीच वर्तमानपत्रं वाचून तिकडे गेलेले असतात. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'अमेरिकेचं' हा शब्द गाळू नका. भारतात हाडांची इम्प्लांट्स ऑक्टोबर २००५मध्येच औषधांच्या व्याख्येत आणली गेली, आणि २०१८पासून वैद्यकीय साधनांचे २०१७चे नियम लागू आहेत. साधनांचे वर्ग अ, ब, क, ड. परदेशी साधनाला केंद्राकडून आयातीचा परवाना. तिथे 'परवाना'च बरोबर. शासकीय मराठीत त्याला 'अनुज्ञप्ती' म्हणतात, पण रुग्णाच्या हातात द्यायच्या कागदावर तो शब्द नको.

मी शब्दाला इतकं का धरून बसलो आहे, त्याला एक कारण आहे. डीप्यू कंपनीच्या एएसआर या खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा जो प्रकार अमेरिकेत विकला गेला, तोही ५१०(के)च्याच वाटेनं बाजारात आला होता. धातूवर धातू घासून रक्तात कोबाल्ट-क्रोमियम उतरू लागलं, आणि ऑगस्ट २०१०मध्ये तो जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही हजारो लोकांच्या शरीरात तो बसवलेला होता. त्यातल्या कितीतरी जणांनी 'परदेशात मान्यता आहे' यावर भिस्त ठेवली असेल. 'मान्यता' की 'मुभा' हे त्यांना कुणी वेगळं करून सांगितलं असतं, तर निदान एखादा प्रश्न त्यांनी जास्त विचारला असता.

आता माकडहाड. माकडहाड म्हणजे कण्याचं अगदी शेवटचं टोक, पाटावर दाणकन बसलो की कळवळतं ते. सॅक्रोइलियाक सांधे त्याच्या वर आहेत, आणि दोन आहेत. पाठमोरं उभं राहिल्यावर कंबरेखाली दोन्ही बाजूंना खळगी दिसते, साधारण तिथे आत. यासाठी शब्द शोधायला लांब जायला नको. आयुर्वेदात नितंबाची दोन हाडं आणि कण्याचं हाड जिथे मिळतात त्या जागेला 'त्रिक' म्हणतात आणि तिथल्या दुखण्याला 'त्रिकशूल'. तीन हाडांची भेट म्हणून त्रिक. आपल्या शरीरशास्त्रातलं 'त्रिकास्थी' त्यातूनच आलं. तेव्हा 'त्रिकसंधी' लिहा, आणि पहिल्यांदा लिहिताना 'कंबरेच्या खळग्यांखालचा सांधा' असं सोबत जोडा. आजींचा हात आपोआप बरोबर जागी जाईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'फ्यूजन'शी तुमची गाठ पडेलच. 'सांधा जखडणे' नको. 'माझा सांधा जखडलाय' ही तर रुग्णाची तक्रार असते. 'सांधा जोडणे' म्हटलं तर तुटलेलं जोडलं असं वाटतं. 'सांधा एकजीव करणे' लिहा. पुरणात गूळ एकजीव होतो तसं इथे दोन हाडांमधली फट भरून दोन्हींचं एक व्हायचं असतं. इम्प्लांटला 'इम्प्लांट'च राहू द्या. 'प्रत्यारोपण' तर चुकूनही नको, त्यानं मूत्रपिंड-यकृत आठवतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "त्रिकसंधी, म्हणजे कंबरेच्या खळग्यांखालचा सांधा, एकजीव करण्यासाठी हे टायटेनियमचे इम्प्लांट वापरतात. आधीपासून बाजारात असलेल्या साधनाशी ते समतुल्य असल्याचं तपासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ते विकायची मुभा दिली आहे." आणि मूळ इंग्रजीत पुढे वापराच्या अटी असतील, 'सांधा विस्कटल्यामुळे किंवा झिजून सुजल्यामुळे होणाऱ्या त्रासासाठी' अशा धर्तीच्या, तर त्या याच वाक्याला लागून, त्याच आकाराच्या अक्षरांत घ्या. मुभा तेवढ्यापुरतीच आहे.