पक्ष्याच्या पायातले कडे

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मण्यांत पाणी उतरू लागले की आम्ही बागेवर जाळी टाकतो. गेल्या महिन्यात जाळीच्या खालच्या कडेत एक धोबी पक्षी अडकला होता आणि त्याच्या पायात धातूचे बारीक कडे होते. मी मोबाइलवर एक फोटो काढून त्याला सोडून दिले, पण फोटोत निम्मेच आकडे दिसतात. कडे काढून ठेवायला हवे होते का? त्याचा पक्ष्याला त्रास होत नाही का? – एक बागायतदार

उत्तर : कडे काढले नाही, हे उत्तम केले. पक्षी कुठून कुठे जातात याचा माग काढण्यासाठी अभ्यासक त्यांच्या पायात अशी क्रमांकाची कडी घालतात. जिवंत पक्ष्याचे कडे कधीही काढू नये, कारण एक तर ओढाताणीत तो काडीसारखा पाय मोडण्याची भीती असते आणि दुसरे म्हणजे त्या क्रमांकाच्या नावे उघडलेले खाते तिथेच बंद पडते. त्रासाचे म्हणाल, तर धोब्याचे वजन वीस ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याच्या मापाचे कडे गुंजेपेक्षाही हलके असते. ते पायावर मोकळे फिरावे, पण पंजावरून उतरू नये, अशा बेताने प्रत्येक जातीसाठी माप ठरलेले असते.

आपल्याकडे कडी घालण्याचे हे काम मुख्यतः मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते आणि तिच्या कड्यांवर संस्थेचे नाव व क्रमांक कोरलेला असतो. मात्र पांढरा धोबी हिमालयात आणि त्याही पलीकडे मध्य आशिया व सैबेरियापर्यंत वीण करून हिवाळ्यात आपल्याकडे येत असल्याने तुमच्या धोब्याचे कडे परदेशातलेही असू शकेल. म्हणून आकड्यांइतकीच अक्षरेही महत्त्वाची असतात. मजकूर कड्याभोवती गोल फिरलेला असतो आणि एका फोटोत मावत नाही. पुढच्या वेळी पाय हलकेच धरून तीन-चार बाजूंनी फोटो काढावेत. हाती असलेला अर्धा क्रमांकही तारीख, गाव, पक्ष्याची जात आणि तो जिवंत सुटला ही माहिती जोडून संस्थेला अवश्य कळवावा. राजस्थानात भरतपूरला कडी घातलेली बदके सैबेरियापर्यंत गेल्याचे उमगले, ते तिकडे ज्यांच्या हाती ती लागली त्यांनी कळवले म्हणूनच. (कबुतराच्या पायात सांधा नसलेले अखंड, रंगीत कडे दिसले, तर ते बहुधा कुणा शौकिनाचे पाळीव कबुतर असते. अशी कबुतरे सापडल्याची पत्रे आमच्याकडे बरीच येतात.)

आता जाळीविषयी, कारण खरा धोका कड्यात नसून तिथे आहे. कडी घालणारे अभ्यासक पक्षी धरण्यासाठी जाळेच लावतात, पण ते त्याच्याजवळून हलत नाहीत आणि थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून अडकलेला पक्षी सोडवतात. बागेवरची जाळी मात्र रात्रंदिवस तशीच असते. धोबी द्राक्षांसाठी येत नाही. तो वेलींखालच्या ओलसर जमिनीवर किडे टिपत फिरतो आणि खाली लोंबणाऱ्या सैल घोळात पाय गुंतवून बसतो. तेव्हा जाळीची खालची कड ताणून बांधावी आणि सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारावी. निफाडच्या थंडीत रात्रभर अडकलेला एवढासा जीव सकाळपर्यंत तग धरत नाही.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत मी पक्ष्यांसाठी दाणे ठेवते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बागेतल्या दाणापात्रांवर येणाऱ्या पक्ष्यांना कडी घालतात, असे वाचले. मी चिमण्यांच्या पायांना रंगीत दोरे बांधून पाहू का? – एक वाचक

उत्तर : कृपया बांधू नका. दोरा ओला होऊन आवळला की रक्तपुरवठा तुटतो आणि बोटे झडतात. शहरातल्या कबुतरांचे थोटके पंजे बरेचदा असल्याच दोऱ्यांमुळे झालेले असतात. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी परवानगीशिवाय धरता येत नाहीत. ब्रिटनमध्ये हा उपक्रम 1909पासून चालू असला, तरी तिथेही जाणत्यांच्या हाताखाली दीर्घ काळ शिकून परवाना मिळवल्याखेरीज कुणी पक्ष्याला हात लावत नाही.

दुसरे असे की, तिकडे कडाक्याच्या थंडीत किडे मिळेनासे झाले की शेता-रानातले पक्षीही दाणापात्रांकडे वळतात. आपल्याकडे हिवाळ्यात शिवारात किडे आणि दाणे दोन्ही असतात, त्यामुळे गच्चीतल्या बाजरीवर येतात त्या बारमाही राहणाऱ्या चिमण्या, मनोल्या आणि पोपट. दूरवरून आलेला धोबी किंवा गप्पीदास तिथे फिरकणार नाही. त्यांच्यासाठी, जमल्यास, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण घेऊन जावे. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) भारतात दिसलेले आहेत, आणि गळपट्ट्यावरची मोठी अक्षरे पक्षी न धरता, काठावरूनच वाचता येतात.