स्टिरिओ नंतर बदला, आधी त्याच्या मागच्या वायरी बघा

अमळनेरचे भाऊ, तुम्ही लिहिलंय की नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ उठत नाही, दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, सर्व्हिस सेंटर म्हणतं आधी तो स्टिरिओ काढून आणा. तर आता अँड्रॉइड ऑटो (फोनमधले नकाशे, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) चालणारा दुसरा कोणता घेऊ? वाचलं आणि कोणीतरी माझ्याच गाडीची कुंडली मांडून ठेवल्यासारखं वाटलं. रॅम किती, स्क्रीन किती इंची, हे तुम्ही युट्युबवर भरपूर पाहिलं असेल, ते सोडतो. मी वायरींचं बोलतो, कारण माझे पैसे तिथेच गेले.

स्टिरिओला दोन ठिकाणांहून करंट लागतो. पिवळी वायर थेट बॅटरीची, ती कायम चालू. तिच्यावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं, सेटिंग टिकतं. लाल वायर किल्लीची, किल्ली फिरवली की चालू. हे रंग स्टिरिओबरोबर येणाऱ्या वायरींचे. गाडीच्या आतल्या वायरींना कंपनीने कोणता रंग दिलाय याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. आता आपल्याकडचा फिटर काय करतो? गाडीच्या सॉकेटची मान, म्हणजे त्याच्या मागच्या वायरी, कापतो, रंगाला रंग जुळवतो, पीळ देतो, वर टेप. दोन्ही उलट लागल्या तर किल्ली काढली की सेटिंग गायब. आणि दोन्ही एकत्र करून बॅटरीवर टाकल्या, तर स्टिरिओ कधी झोपतच नाही.

माझ्या गाडीत दुसरा प्रकार होता. दुकानात गेलो तर "काही व्हत नही भो, बॅटरीच जुनी शे" म्हणून वाटेला लावलं. बॅटरी बदलली, तीही बसली. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या साहेबांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. बाहेरचा स्टिरिओ दिसला, वायर कापलेली दिसली, जॉबकार्डवर लिहून टाकलं की बाहेरचं काम असल्याने इलेक्ट्रिकल वॉरंटी लागू नाही. बरं, वॉरंटी नाही तर पैसे घेऊन तरी दोष शोधा म्हटलं, तेही नाही. आधी काढून आणा. परत दुकानात, तर तिथे म्हणे कंपनीवाल्यांनी काहीतरी छेडलं. उन्हाळाभर मी या दोघांच्या मध्ये चेंडूसारखा. नावं घेत नाही, पण जिल्ह्यातल्या कुठल्याही दुकानात ही गोष्ट सांगा, लोक ओळखीचं हसतात.

शेवटी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने स्टिरिओ ओढून बाहेर काढला. किल्ली खिशात, स्क्रीन काळी, तरी स्टिरिओची पाठ हाताला कोमट लागत होती. टेप आपल्या मे महिन्याच्या उन्हाने सुटून काळा चिकट गोळा झाला होता आणि आत पिवळी-लाल एकाच पिळात. त्याने मीटर लावून दाखवलं. साधा हिशोब आहे: अर्धा अँपिअर जरी गळत असेल तरी दिवसाला 12 अँपिअर-तास जातात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. दोन दिवसांत सेल्फपुरतं काय उरणार?

म्हणून तुम्ही नवीन स्टिरिओ बघण्याआधी ही मोजणी करून घ्या. सगळं बंद, दारं लावलेली, थोडा वेळ थांबून, बॅटरीची मायनस वायर सोडून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून परत बघा. आकडा धाडकन खाली आला की चोर सापडला. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणखी एक: बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओत लवकर चालू व्हावं म्हणून झोपेचं सेटिंग असतं, किल्ली काढल्यावरही ते करंट ओढत राहतात. ते आधी बंद करून पाहा. कदाचित तेवढ्यानेही भागेल. मी इलेक्ट्रिशियन नाही, कुठल्या दुकानाचं कमिशनही घेत नाही. हात घालणार तो माहितगाराचाच असू द्या.

बदलायचाच असेल तर माझं मत एकतर्फी आहे, पटलं तर घ्या. अँड्रॉइडवर चालणारा स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅब. त्यात अँड्रॉइड ऑटो असेलच असं नाही, दुकानदार काहीही म्हणो. सोनी, पायोनियर, केनवूडचा अँड्रॉइड ऑटोवाला साधा रिसीव्हर छोटा दिसतो, पण चित्र फोनकडून येतं, त्यामुळे तो दोन वर्षांत रडत नाही. आवाजाचं गोल बटण असलेला मिळाला तर सोडू नका, दुपारी दोनच्या उन्हात स्क्रीनवर बोटं चाचपडणं वैताग असतो. खोक्यावरचे वॉटचे आकडे विसरा, ते कमाल असतात. खरी कायमची ताकद आरएमएसच्या ओळीत असते.

दुकानातच स्वतःचा फोन जोडा, नकाशा लावा आणि चालू नकाशात कोणाला तरी फोन करून समोरच्याला आवाज विचारा. वायरलेस अँड्रॉइड ऑटोसाठी फोनवर अँड्रॉइड 11 किंवा पुढचं लागतं. पण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात फोन तापतो, म्हणून मी वायरच वापरतो. एक मीटरच्या आतली, डेटा जाणारी, नुसती चार्जिंगची नको. कन्नड घाट किंवा तोरणमाळकडे जाणार असाल तर नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, स्टिरिओ कितीही भारी असो, रेंज तो आणणार नाही.

फिटिंगची अट मात्र एकच: तुमच्या गाडीच्या मॉडेलचं कपलर, म्हणजे वायर न कापता गाडीच्या सॉकेटात बसणारा जोड, काहीशे रुपयांत मिळतं. कापलेली मान आधी नीट जोडून घ्या, मग कपलर. स्टिअरिंगवरची बटणं चालवायची तर त्याचा वेगळा अ‍ॅडॉप्टर विचारा. "कपलर कशाला, मी डायरेक्ट करून देतो" म्हणाला की उठायचं. आणि जीएसटीचं पक्कं बिल, फिटिंगची मजुरी त्यातच लिहून. माझ्याकडे कोरी चिठ्ठी होती, तिच्यावर कुठे जाणार? बिल असतं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी लागत नाही.

मीटरचा आकडा आणि गाडीचं मॉडेल-साल इथे टाका, मग कोणता घ्यायचा ते बोलू. तोवर बॅटरी घेऊ नका.