२०२० मध्ये न्यूयॉर्कमधला कॉलेज बास्केटबॉलचा सामना मध्यंतरातच का थांबवला? मग जिंकलं कोण?

तुम्ही विचारलंय की कोविडच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एक कॉलेज सामना अर्धा खेळवून बंद केला हे खरं आहे का, सुरू केलाच होता तर उरलेली २० मिनिटं खेळू द्यायला काय हरकत होती, आणि शेवटी जिंकलं कोण.

खरं आहे. गुरुवार, १२ मार्च २०२०. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त स्टेडियममध्ये बिग ईस्ट या विद्यापीठ-गटाच्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी होती आणि क्रेटन विरुद्ध सेंट जॉन्स हा सामना दुपारी बाराला सुरू झाला. मध्यंतराला सेंट जॉन्स ३८, क्रेटन ३५. संघ ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि पुन्हा खेळायला बाहेर आलेच नाहीत. स्पर्धाच रद्द झाल्याचं जाहीर झालं. जिंकलं कोणीच नाही. त्या वर्षी बिग ईस्ट स्पर्धेला विजेता नाही आणि तो अर्धा सामना दोघांच्याही हिशेबात धरलेला नाही. क्रेटनचा मोसम २४ विजय, ७ पराभव असा संपला. सेंट जॉन्सचा १७-१५. आघाडीवर असूनही त्यांच्या खात्यात काही जमा झालं नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, तिथल्याच रटगर्स विद्यापीठात शिकलो, आणि कॉलेज बास्केटबॉल हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण नुसता "कोविड आला, खेळ थांबला" एवढाच हा मामला नव्हता.

आधी ही स्पर्धा काय असते ते सांगायला हवं. अमेरिकेत विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. पुरुषांच्या वरच्या श्रेणीत अशा ३२ कॉन्फरन्स होत्या. आपल्याकडे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा होते आणि तिथले वरचे संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, साधारण तसंच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सामने होतात, आणि मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक कॉन्फरन्स आपली बाद पद्धतीची स्पर्धा घेते. ती जिंकणारा संघ एनसीएएच्या (कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी संस्था) राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो; तेव्हा ती ६८ संघांची होती. उरलेल्या ३६ जागा निवड समिती भरायची. मोठ्या कॉन्फरन्सचे पाच-सहा किंवा त्याहूनही जास्त संघ समितीकडून आत घेतले जातात. लहान कॉन्फरन्सचा बहुधा एकच जातो, जिंकलेला. म्हणजे सबंध मोसम मार खाल्लेला संघसुद्धा त्या आठवड्यात सलग तीन-चार सामने मारून राष्ट्रीय स्पर्धेत पोचू शकतो. ज्याने एकदा हा आठवडा नीट पाहिला, त्याला बाकीचा मोसम प्रस्तावनेसारखा वाटतो.

आता त्या आठवड्यात काय झालं ते.

पहिली माघार आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरेंच्या कॉन्फरन्सने घेतली. मंगळवारी, १० मार्चला, त्यांनी हार्वर्डला होणारी आपली स्पर्धा रद्द केली आणि साखळीत पहिला आलेल्या येलला राष्ट्रीय स्पर्धेची जागा देऊन टाकली. तेव्हा त्यांच्यावर सडकून टीका झाली. खेळाडूंनी निर्णय फिरवावा म्हणून सह्यांची मोहीम काढली. बाकी सगळीकडे खेळ सुरू असताना यांनाच एवढी भीती कसली, असा एकूण सूर होता. दोन दिवसांत तो सूर पार मावळला.

बुधवार, ११ तारीख. जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. दुपारी एनसीएएने सांगितलं की राष्ट्रीय स्पर्धा प्रेक्षकांविना होईल. रात्री ओक्लाहोमा सिटीत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना सुरू होणार तेवढ्यात युटा जॅझ संघाच्या रूडी गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं कळलं. सामना गुंडाळला आणि त्याच रात्री एनबीएने अख्खा मोसम थांबवला.

त्याच संध्याकाळी इंडियानापोलिसला बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेची पहिली फेरी चालू होती. नेब्रास्काचे कोच फ्रेड हॉयबर्ग बाकावर बसलेले कॅमेऱ्यात सारखे दिसत होते. चेहरा उतरलेला, मधूनच डोकं हातात धरलेलं, आणि शेजारी सहायक कोच. सामना संपण्याआधी ते उठून आत गेले, तिथून त्यांना इस्पितळात नेलं. त्यांचा संघ काही काळ ड्रेसिंग रूममध्येच थांबवून ठेवला. निदान साध्या इन्फ्लुएन्झाचं निघालं. पण ते कळेपर्यंत ज्यांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं, त्यांच्या पोटात गोळा आला होता. माझ्याही आला होता. तोवर हा आजार बातम्यांमध्ये होता, आता तो कोर्टच्या कडेला येऊन बसलाय असं वाटलं.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी संघ मैदानात आले.

इंडियानापोलिसला मिशिगन आणि रटगर्स सरावाला कोर्टवर उतरले होते, त्यांना तसंच परत बोलावलं. ग्रीन्सबरोला एसीसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन सराव करत होते, त्यांनाही. मग तिथे एक विचित्र समारंभ झाला. एसीसीचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, जॉन स्वॉफर्ड यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकही सामना न खेळलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या हातात विजेत्याचा चषक दिला, कारण साखळीत ते पहिले आले होते. त्यांचं ते एसीसीचं पहिलंच साखळी विजेतेपद होतं. कोच लेनर्ड हॅमिल्टन २००२ पासून तिथे होते आणि हा बहुधा त्यांचा सर्वांत चांगला संघ होता, २६ विजय आणि ५ पराभव. चषक घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलांच्या चेहऱ्यावर आनंद शोधावा लागत होता. पुढे फ्लोरिडाच्या सिनेटने त्यांना राष्ट्रीय विजेते मानण्याचा ठरावही केला. तो प्रेमापोटीच केला असणार, पण एनसीएएच्या नोंदीत २०२० ला विजेता नाही.

एसईसी, बिग ट्वेल्व्ह, पॅक-ट्वेल्व्ह, बाकीच्या सगळ्या मोठ्या कॉन्फरन्सनी एकामागोमाग एक स्पर्धा रद्द केल्या. त्या दिवशी मोठ्या कॉन्फरन्सपैकी फक्त बिग ईस्टचा सामना सुरू झाला. १९८३ पासून ही स्पर्धा दरवर्षी गार्डनमध्येच होते, ती शहराच्या कॅलेंडरचाच भाग आहे. आदल्या रात्री तिथे प्रेक्षक बसवून दोन सामने झाले होते; सेंट जॉन्सने जॉर्जटाउनला ७५-६२ हरवलं होतं. गुरुवारी मात्र फक्त मोजके पाहुणे, घरची माणसं आणि पत्रकार होते. एवढ्या मोठ्या इमारतीत बुटांचा करकर आवाज टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येत होता.

माझं मत विचाराल तर सामना सुरूच करायला नको होता. आदल्या रात्री एनबीए बंद पडलेली, न्यूयॉर्कच्या उत्तरेला न्यू रोशेलमध्ये प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालेलं, आणि त्याच दिवशी गव्हर्नरांनी ५०० पेक्षा जास्त लोकांच्या जमावाला बंदी घातली. बिग ईस्टच्या कमिशनर व्हॅल अॅकरमन यांच्यावर नंतर टीका झाली ती मला रास्त वाटते. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्या दिवशी परिस्थिती तासातासाला बदलत होती, आणि रद्द करणं म्हणजे शेकडो मुलांना घरी जा म्हणून सांगणं होतं. ते सोपं नव्हतंच.

पण मध्यंतरात थांबवलं हे बरोबर केलं. उरलेली २० मिनिटं खेळून काय मिळणार होतं? जिंकणारा उपांत्य फेरीत जाणार, आणि उपांत्य फेरी तर होणारच नव्हती. ज्यातून कोणी कुठे पोचणार नाही असा सामना खेळवण्यासाठी दहा मुलांना पुन्हा एकमेकांच्या अंगावर घालायचं? बास्केटबॉलमध्ये अंतर राखून बचाव करता येत नाही. समोरच्याचा श्वास आपल्या मानेवर असतो. शिवाय न्यूयॉर्कवर पुढे काय आलं ते सगळ्यांना माहीत आहे. महिन्याच्या अखेरीस गार्डनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या जॅव्हिट्स सेंटरमध्ये इस्पितळाच्या खाटा मांडलेल्या होत्या. गार्डनच्या बरोबर खाली पेन स्टेशन आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासची आमची कितीतरी मराठी मंडळी तेव्हा रोज सकाळी तिथे उतरून कामावर जायची. त्या गर्दीत आणखी हजारो प्रेक्षक नकोच होते.

त्याच दिवशी दुपारी एनसीएएने पुरुष आणि महिला, दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. पुरुषांची स्पर्धा १९३९ ला सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातही थांबली नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धा पुढे ढकलून मे-जूनमध्ये का घेतली नाही, हाही प्रश्न तुमच्या मनात येईल. वसतिगृहं रिकामी करायला सांगत होते, वर्ग ऑनलाइन जात होते, शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडणार होती. संघ एकत्र ठेवायचा कुठे? आर्थिक फटका मोठा बसला. विद्यापीठांना वाटायचे ६० कोटी डॉलर होते, ते २२.५ कोटींवर आले.

मला पैशापेक्षा माणसांचं जास्त लागतं. ज्यांची स्पर्धा अर्धवट राहिली त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण ज्यांनी ती पूर्ण जिंकली होती त्यांचं काय? डझनभर लहान कॉन्फरन्सचे अंतिम सामने आधीच होऊन गेले होते. लाँग आयलंडवरच्या हॉफस्ट्राने १० मार्चला आपली स्पर्धा जिंकली, २००१ नंतर पहिल्यांदा. बॉस्टन युनिव्हर्सिटीने तर ११ तारखेच्या रात्री कोलगेटला त्यांच्याच कोर्टवर ६४-६१ असं हरवून पेट्रियट लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले, विजेत्यांच्या रिवाजाप्रमाणे बास्केटची जाळी कापून गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना जायला राष्ट्रीय स्पर्धाच उरली नव्हती.

आणि आमचं रटगर्स. १९९१ नंतर राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मोसमामागून मोसम बिग टेनच्या तळाला. २०१९-२० ला कोच स्टीव्ह पिकिएल यांच्या संघाने घरच्या कोर्टवर १९ पैकी १८ सामने जिंकले. रटगर्सचं पिस्कॅटवे गावातलं ते उतरत्या भिंतींचं सभागृह फार मोठं नाही, पण त्यात आवाज असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ७ मार्चला परड्यूला त्यांच्या घरी जादा वेळेत हरवलं आणि २० विजय पूर्ण झाले. आता जागा नक्की, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शाकील डोरसन अ‍ॅमस्टरडॅमहून आलेला, सगळी पडती वर्षं त्याने इथेच काढली. अक्वासी येबोआ इंग्लंडचा, शेवटच्या एका वर्षासाठी स्टोनी ब्रुक सोडून आमच्याकडे आला. दोघांचंही ते शेवटचं वर्ष. १२ मार्चला इंडियानापोलिसच्या कोर्टवरून त्यांना परत बोलावलं आणि त्यांचं कॉलेज बास्केटबॉल तिथेच संपलं.

पुढच्या वर्षी रटगर्स राष्ट्रीय स्पर्धेत गेलं, क्लेमसनला ६०-५६ हरवलं, १९८३ नंतरचा पहिला विजय. मी आनंदाने ओरडलो, खोटं कशाला बोलू. पण डोरसन आणि येबोआ त्यात नव्हते. ३० मार्च २०२० ला एनसीएएने वसंत ऋतूतल्या खेळांच्या, म्हणजे बेसबॉल, ट्रॅक वगैरेच्या खेळाडूंना वाया गेलेल्या मोसमाबद्दल कॉलेजकडून खेळायला एक जादा वर्ष दिलं. बास्केटबॉलवाल्यांना दिलं नाही, कारण त्यांचा मोसम जवळजवळ संपला होता म्हणे. पुढच्या हिवाळ्यातल्या, २०२०-२१ च्या खेळाडूंना मात्र सरसकट जादा वर्ष मिळालं. मार्च २०२० मध्ये शेवटच्या वर्षाला असलेली मुलं तेवढी दोन्हींच्या मधे सापडली. त्यांना निदान परत यायचं की नाही हे ठरवण्याची संधी द्यायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.