‘माझे इंग्रजी कच्चे आहे, मी कशी जाऊ?’

रूथ पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती फेब्रुवारीतील एका संध्याकाळी. तिच्या मांडीवर एक निळे प्लास्टिकचे फोल्डर होते आणि पाऊण तासाच्या भेटीत तिने ते एकदाही बाजूला ठेवले नाही. (तिचे नाव आणि ओळख पटेल असे सारे तपशील मी बदलले आहेत, आणि हा अनुभव लिहिण्यासाठी तिची संमती घेतली आहे.) वय पंचवीस, राहणे ऐरोलीला, नोकरी रबाळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि कुटुंब मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांपासून प्रोटेस्टंट मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. मंडळीच्या तरुण संघातून नऊ जणांचा गट एप्रिलमध्ये दोन आठवड्यांसाठी कंबोडियातील एका खेड्यात इंग्रजी शिकवायला जाणार होता. हंगामाच्या सणाला, म्हणजे चर्चमधील सुगीच्या सणाला, झालेल्या लिलावाचे पैसे त्यासाठी राखून ठेवले होते, महिला मंडळाने केक विकून त्यात भर घातली होती, आणि एका रविवारी उपासना संपल्यावर जाणाऱ्यांची नावे सर्वांसमोर वाचून दाखवली गेली होती. त्या रविवारपासून रूथची झोप उडाली होती. पहाटे तीनला जाग येई, छाती धडधडे आणि उजाडेपर्यंत डोळा लागत नसे. डॉक्टरांकडून तपासणी करून झाली होती आणि थायरॉइडसकट सारे अहवाल ठीक होते.

“मॅडम, माझे शिक्षण मराठी माध्यमातले. माझे इंग्रजी कच्चे आहे. मी तिथे जाऊन काय शिकवणार?” असे ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, तिने दुसरा प्रश्न विचारला. संघातील एका दादाजवळ तिने मन मोकळे केले होते. देवाचे पाचारण आहे, तोच तुझ्या तोंडात शब्द घालील, तू फक्त विश्वास ठेव, असे त्याने तिला सांगितले. त्याचा हेतू चांगलाच होता, पण त्यामुळे भीतीच्या जोडीला अपराधीपणा येऊन बसला. “म्हणजे माझा विश्वासच कमी पडतो आहे का?”

मिशन ट्रिपला निघालेल्या तरुणांकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर रूथच्या अनुभवातून द्यावे असे वाटले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. कोणाचा विश्वास किती आहे हे मोजणे समुपदेशकाचे काम नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. भीती कशाची आहे हे तिच्यासोबत बसून पाहणे मात्र माझे काम होते, आणि तिथेच सुरुवातीला माझी चूक झाली.

महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला 2000 सालापासून सुरुवात झाली. म्हणजे रूथ दहा वर्षे इंग्रजी शिकली होती, तिला ते वाचता-लिहिता चांगले येत होते, फक्त बोलण्याची वेळ कधी आली नव्हती. ती आली कॉलेजच्या पहिल्या वर्षी. आहारावरचे टिपण वर्गापुढे वाचताना तिने ‘व्हेजिटेबल’ हा शब्द आपण सगळे घरी म्हणतो तसा, अक्षर न् अक्षर सुटे करून म्हटला. शेवटच्या बाकावरून कोणीतरी तिची नक्कल केली, वर्ग हसला आणि शिक्षकही हसले. सात वर्षांनंतरही तो प्रसंग सांगताना तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मी पाहिले. तिच्या निळ्या फोल्डरमधील पाठांच्या वेळापत्रकात तिसऱ्या दिवशीचा विषय होता भाज्यांची नावे.

इतके स्पष्ट कारण हाती लागल्यावर मी त्याच दिशेने निघाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत लाजेवर मात करण्याचे काही सराव आहेत. लोक हसतील असे एखादे निरुपद्रवी काम मुद्दाम करायचे आणि हसण्याने आपले काय बिघडते ते अनुभवायचे. रूथने ठाण्यातील राम मारुती रस्त्यावरच्या दोन दुकानांत जाऊन मुद्दाम मोडके इंग्रजी बोलून भाव विचारले, आणि भाजीवालीलाही ‘व्हेजिटेबल’ असे जुन्या पद्धतीने, मोठ्याने म्हणून दाखवले. भाजीवालीने काही न बोलता अर्धा किलो गवार तोलून दिली. तीन भेटींत तिची धडधड कमी झाली आणि ती पुन्हा सलग झोपू लागली. मला वाटले, काम होत आले.

चौथ्या भेटीत ती शांत होती, पण चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, “आता बोलायची भीती वाटत नाही. तरी मन जायला तयार होत नाही.” मग तिने फोल्डर पहिल्यांदा उघडून टेबलावर ठेवले. त्यात मागील वर्षी गेलेल्या गटाची छायाचित्रे होती. एका छायाचित्रात फळ्यावर इंग्रजीत ‘माय नेम इज’ असे लिहिलेले होते, फळ्यापुढे आपल्याकडची एक तरुणी खडू घेऊन उभी होती आणि समोरची सगळी मुले हात वर करून होती. यंदाच्या वेळापत्रकातही पहिल्या दिवशीचा पाठ तोच होता. “मॅडम, मी सहा वर्षे संडे स्कूल घेते आहे. मुले असे दोन्ही हात कधी वर करतात माहीत आहे का? त्यांना उत्तर आधीपासून येत असले की. ह्या मुलांना हे मागच्या वर्षीच येत होते. त्याच्या आधीच्या वर्षीही आले असणार.” आणि छायाचित्राच्या कडेला, खिडकीपाशी, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बाईंवर तिने बोट ठेवले. त्या तिथल्या शिक्षिका होत्या.

त्या बोटाने मला माझी चूक दाखवली. मी तिची सगळी अस्वस्थता भीतीच्या खात्यात टाकली होती. मराठीत आपल्याकडे चिंता आणि काळजी असे दोन वेगळे शब्द आहेत आणि विवेकनिष्ठ विचारसरणीही हाच भेद करते. चिंता माणसाला गोठवते, काळजी त्याला चौकशी करायला लावते. रूथपाशी दोन्ही होत्या. वर्ग हसेल ही चिंता सरावाने ओसरली. आपण जातो आहोत त्या मुलांना याचा उपयोग आहे का, ही काळजी सरावाने ओसरणारी नव्हती, आणि ती ओसरावी असा प्रयत्न करणेही चुकीचे ठरले असते. मन शांत झाल्यावरही जो प्रश्न शिल्लक राहतो, उलट अधिक नेमका होतो, त्याला लक्षण समजू नये, त्याचे उत्तर शोधावे, असे मी तेव्हापासून मानते. अशा प्रश्नाला ‘विश्वास कमी’ म्हणून गप्प बसवले, तर चांगल्या कार्यकर्त्याचा सर्वांत उपयोगी गुणच आपण दडपतो.

मग आम्ही दोघींनी तिचे प्रश्न कागदावर लिहून काढले. पहिला प्रश्न शाळेचा होता. गटाने कोणाच्या विनंतीवरून जायचे ठरवले? वर्गात तिथली शिक्षिका सोबत असेल की बाहेर उभी राहील? कंबोडियात 1975 ते 1979 या काळात पोल पॉटच्या राजवटीने शाळा बंद पाडल्या आणि शिकलेल्यांना वेचून मारले. तिथला शिक्षकवर्ग त्यानंतर जवळजवळ शून्यातून उभा राहिला आहे, आणि अशा देशात पाहुण्याने शिक्षिकेच्या हातातील खडू काढून घेणे ही लहान गोष्ट नाही. दुसरा प्रश्न व्हिसाचा होता. पर्यटक व्हिसावर जाऊन वर्ग घेणे तिथल्या नियमांत बसते का, हे कोणीही तपासले नव्हते. तिसरा पालकांचा होता. तो बौद्धबहुल देश आहे, बौद्ध धर्म तिथला राजधर्म आहे, बौद्धेतर धर्मांच्या सार्वजनिक प्रचारावर आणि धर्मांतरासाठी पैसा किंवा वस्तू देण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे. इंग्रजीच्या तासाला नेमके काय होणार हे मुलांच्या आईवडिलांना आधी मोकळेपणी सांगितले आहे का, असे रूथने स्वतःच्या शब्दांत लिहिले.

चौथा प्रश्न माझ्या आग्रहावरून आला आणि त्यावर मी अधिक वेळ घालवला. वेळापत्रकात दोन दुपारी जवळच्या एका अनाथालयासाठी ठेवल्या होत्या. कंबोडियातील अशा निवासी संस्थांमधील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचे युनिसेफने सांगितले आहे. पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून मुले संस्थेत ठेवली जातात, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षे आहे, आणि 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील अशा स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. माझ्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट वेगळी आहे. संस्थेत वाढलेले मूल पहिल्या पाच मिनिटांत अनोळखी ताईच्या मांडीवर येऊन बसते, तेव्हा आपल्याला वाटते, किती माया लावली. प्रत्यक्षात ते मूल जो येईल त्याला बिलगायला शिकलेले असते, कारण कोणीही राहत नाही. दोन दुपारींनी त्या यादीत आणखी नऊ जणांची भर पडते. हे ऐकून रूथ रडली. तिला मी थांबवले नाही.

त्याच भेटीत तिने आजीची गोष्ट सांगितली. आजी नगरच्या मिशन शाळेत शिकलेली, आणि घरात मिस फरार यांचे नाव अजून आदराने घेतले जाते. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेतून मुंबईत आल्या, इथली भाषा शिकल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली तिथेच वारल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले. “त्या चौतीस वर्षे राहिल्या, आणि आम्ही दहा दिवस वर्ग घेणार,” असे रूथ म्हणाली. ही तुलना मी तिला तशीच धरून ठेवू दिली नाही. पंचवीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या मुलीने आपल्या दोन आठवड्यांच्या रजेला एका अख्ख्या आयुष्याचा गज लावला, तर कोणतेही काम तिला खोटेच वाटेल. दहा दिवसांत काय होऊ शकते एवढेच विचारायचे, आणि तेवढेच नीट करायचे, असे आमचे ठरले.

हे सगळे पाळकसाहेबांपुढे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंपुढे, मांडायचे कसे, हा भाग सर्वांत अवघड होता. तो आम्ही दोन भेटींत करून पाहिला. पाळकसाहेब मी झाले, आणि मुद्दाम थोडी कठोर झाले. पहिल्या वेळी ती माफी मागूनच सुरुवात करत होती, दुसऱ्या वेळी आवाज चढला. तिसऱ्या वेळी तिला तिचे वाक्य सापडले: “सलाम पाळकसाहेब. मला जायचे आहे, म्हणूनच हे विचारते आहे.” जोडीला तिने पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एक दाखला स्वतःहून शोधला होता. मोशेने देवाला सांगितले की मला नीट बोलता येत नाही, तेव्हा देवाने त्याची जीभ पालटून टाकली नाही, त्याच्यासोबत बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. “आमचा अहरोन म्हणजे त्या खिडकीजवळच्या बाई,” असे ती म्हणाली. तिच्या विश्वासाची चर्चा माझ्या खोलीत त्यानंतर झाली नाही. तिला तिची गरज उरली नव्हती.

मंडळीच्या समितीतील एक वडीलधारे दुखावले, ‘देवाच्या कामात इतक्या शंका कशाला’ असे म्हणाले आणि दोन रविवार तिच्याशी बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी मात्र कागद ठेवून घेतला आणि चार दिवसांनी त्या शाळेशी व्हिडिओ कॉल लावला. तेव्हा पहिलीच गोष्ट कळली, की ठरवलेल्या तारखांत ख्मेर नववर्ष येत होते, ते दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर असते, आणि त्या दिवसांत शाळाच बंद राहणार होती. इतकी वर्षे गट गेला होता तो सुटीतल्या वर्गांसाठी, मुलांना मुद्दाम बोलावून आणून. दुसरी गोष्ट त्या बाईंनी सांगितली, आजवर कोणी विचारली नव्हती म्हणून: मुलांना वर्षभर शिकवायला आम्ही आहोत, आम्हा चौघींशी इंग्रजीत बोलणारे मात्र कोणी नाही.

सहल जूनमध्ये गेली, नऊऐवजी पाच जणांची, वकिलातीकडे चौकशी करून योग्य प्रकारच्या व्हिसावर. अनाथालयाच्या दुपारी रद्द झाल्या. सकाळी ही मंडळी वर्गात मागे बसत आणि दुपारी शिक्षिकांसोबत पाठ्यपुस्तकातील संवाद वाचत, अडलेल्या वाक्यांवर बोलत. कच्च्या इंग्रजीचा रूथला तिथे उपयोगच झाला, असे तिने नंतर मला सांगितले, कारण मोठेपणी इंग्रजी बोलायला शिकताना नेमके काय अडते हे तिला आतून माहीत होते, आणि चूक झाल्यावर कसे थांबून राहावे हेही. ख्मेर भाषेत शाळेला ‘साला’ आणि शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. शाळा आणि गुरू हे आपलेच शब्द आहेत हे तिने फळ्यावर देवनागरीत लिहून दाखवल्यावर त्या चौघी बराच वेळ ती अक्षरे गिरवत बसल्या होत्या.

परत आल्यावर ती एकदा भेटून गेली. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, तिथे तेव्हा आठ वाजलेले असतात, ती लॅबच्या मागच्या जिन्यात बसून त्यांतील दोघींशी अर्धा तास व्हिडिओवर बोलते आणि मग रबाळ्याहून गाडी पकडते. पहाटेची जाग जवळजवळ थांबली आहे. लॅबच्या मासिक मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की मानेवर चट्टे मात्र अजून उठतात. तिची पुढची भेट आम्ही त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी ठेवली आहे.