घरच्याच मुलाकडे कागद कसे मागायचे?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. ह्यांच्या मित्राचा भाचा नोकरीसाठी आलाय, आमच्या वरच्या खोलीत राहील, महिन्याला ५०० पौंड देईल. त्याचा व्हिसा तपासावा लागतो म्हणे. घरच्याच मुलाकडे कागद मागायला जीव धजत नाही. सासूबाईही मे महिन्यात येतायत, त्यांचंही तपासायचं का?

उत्तर : मुलाकडे मागा, आणि खोलीची चावी देण्याआधी मागा. भाडं देऊन तो तुमच्याकडेच राहणार, म्हणजे कायद्याने तो तुमचा लॉजर. इंग्लंडभर १ फेब्रुवारी २०१६ पासून ही ‘राइट टू रेंट’ तपासणी घरमालकावर आहे; स्कॉटलंड-वेल्समध्ये ती नाही. तपासलं नाही आणि त्याला इथे घर भाड्याने घेण्याचा हक्क नाही असं निघालं, तर पहिल्याच खेपेला ५,००० पौंडांपर्यंत दंड. त्याचं दहा महिन्यांचं भाडं!

त्याचा ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन व्हिसा असेल, तर तो सरकारी साइटवरून शेअर कोड काढेल; त्या कोडने त्याचा हक्क तुम्हाला साइटवर पाहता येतो. घरभाड्याचा कोड ‘आर’ने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. कोड आणि जन्मतारीख तुम्ही स्वतः साइटवर घाला, समोर येणारा फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहा आणि ते पान तारखेसकट जपून ठेवा. व्हिसाची मुदत संपण्याआधी किंवा वर्षभराने, यातलं जे नंतर येईल तेव्हा, पुन्हा तपासा.

मला स्वतःला हा कायदा पटत नाही. इमिग्रेशनवाल्यांचं काम घरमालकांच्या गळ्यात मारलंय, आणि दंडाच्या धास्तीने ते परकं नाव ऐकलं की दार लावून घेतात. २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यातल्या भेदभावावर बोट ठेवलं होतं. २०२० मध्ये अपील कोर्टाने कायदा कायम ठेवला. एका एजंटाने फोनवर मला फ्लॅट रिकामा असल्याचं सांगितलं होतं. मी आडनाव सांगितलं आणि तो ‘आत्ताच गेला’. ते अजून मनातून जात नाही. म्हणून कळकळीने सांगते, उद्या त्या खोलीत एखादा गोरा इंग्रज मुलगा आला, तर त्याचेही कागद असेच तपासा. नियमही तसाच आहे. आणि या मुलाला सरळ सांगा, ‘बाळा, हे सगळ्यांनाच करावं लागतं.’ त्याला वाईट वाटणार नाही.

सासूबाईंचं घर भारतात आहे, त्या भाडं देणार नाहीत, त्या पाहुण्या. त्यांचं काही तपासायचं नाही.